खाद्य महोत्सवाच्या संयोजकांना खुलं पत्र : पदार्थ चाखायचा तर दोन तास डब्यात ठेवून चाखा

प्रति,
खाद्य महोत्सवाची संयोजन समिती
आणि स्टॉल घेणारी समस्त हॉटेलवाली मंडळी,
सांगली, मिरज, कुपवाड.

सप्रेम नमस्कार,

महोत्सवाला अजून अवकाश आहे, स्टॉलची यादी पक्की झालेली नाही, फ्लेक्स छापायला गेलेले नाहीत, म्हणून आत्ताच लिहितोय. नंतर लिहिलं की तुम्हीच म्हणणार, आधी का बोलला नाहीस. ग्रुपवर टाकलं होतं खरं, पण त्यावर दोन अंगठे आले आणि खाली लगेच कुणाच्या तरी वाढदिवसाचे केक सुरू झाले, माझा मेसेज वर वर जात पार दिसेनासा झाला. त्यामुळं हे जाहीर.

स्टॉलवर कुठले पदार्थ ठेवायचे ते चाखून ठरवणाऱ्या तुमच्या टीममधलाच मी एक. फुकट खायला मिळतंय, मान मिळतोय, मालक लोक दारापर्यंत सोडायला येतात, मग याला आणि काय पाहिजे असं तुम्हाला वाटेल. तर सरळ सांगतो. आपण हॉटेलाहॉटेलांत जाऊन जे पदार्थ चाखतोय ती रीतच उलटी आहे, आणि रीत उलटी म्हणून निवडही उलटी होतेय. जे मैदानावर टिकणार नाही ते पास होतंय आणि जे टिकेल ते नापास.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो हे चाखणं कसं चालतं. आधी हॉटेलात फोन जातो, अमुक दिवशी चार वाजता टीम येतेय. दुपारचे चार म्हणजे हॉटेलात चिटपाखरू नसतं, सगळं किचन आपल्या दिमतीला, मुख्य वस्ताद सुट्टी मोडून आलेला, मालक नवीन शर्ट घालून काउंटर सोडून बाहेर उभा. एसी फॅमिली रूम पुसून घेतलेली, टेबलावर पांढरं कापड. मग ताट येतं. त्यात कोथिंबिरीची पानं एकेक निवडून ठेवलेली असतात, टोमॅटोचं गुलाब केलेलं असतं, तूप वरून आपल्यासमोर सोडतात. आमच्यातले दोघंतिघं आधी रील काढतात, ते होईपर्यंत बाकीच्यांनी हात लावायचा नाही, एकदा तर मला फ्रेममधून कोपर काढा म्हणून सांगितलं. मग प्रत्येकानं एकेक घास खायचा, डोळे मिटायचे, मान हलवायची आणि कागदावर मार्क द्यायचे. चव दहा, सादरीकरण दहा, नावीन्य दहा, स्वच्छता दहा. कांदेपोह्याच्या कार्यक्रमातले पोहे खाऊन पोरगीला रोजचा स्वयंपाक येतो का हे ठरवायचं, तसला हा प्रकार झालाय.

सांगली नाटकाचं गाव आहे मान्य, विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली इथं नाटक उभं केलं त्याचा आपल्याला अभिमान आहे, पण म्हणून चाखण्याचंही नाटकच करायचं का?

आता महोत्सवाच्या दिवशी काय असतंय ते आठवा. जानेवारीतली रात्र, मोकळं मैदान, वारा. दहा बाय दहाचा मंडप, त्यात दोन शेगड्या, एक डीप फ्रीज जो मंडपवाल्याच्या वायरीवर चालत नाही. शनिवार-रविवार असल्यामुळं मालकाचं हॉटेलही फुल, म्हणजे वस्ताद तिकडंच, इकडं स्टॉलवर दोन पोरं आणि मालकाचा मेहुणा. पदार्थ दुपारी हॉटेलात शिजतो, टेम्पोतून येतो, डब्यात बसतो तो बसतोच. आठ वाजता लोकांची झुंबड, लोक उभ्यानं खातात, एका हातात द्रोण, एका हातात कुपन, कडेवर लेकरू. आपण चार वाजता एसीत जे खाल्लं आणि पब्लिक आठ वाजता मैदानात जे खाणार त्यांचा एकमेकांशी संबंध काय? नावाचा. तेवढाच.

मागं एका गावाच्या महोत्सवात (गाव सांगत नाही, नातेवाईक आहेत तिथं) मी पनीरचा एक प्रकार घेतला होता, फ्लेक्सवर मोठ्ठा फोटो, खाली 'परीक्षकांची पसंती'. पनीर असलं झालं होतं की प्लास्टिकचा चमचा मोडला. आणि दोष त्या पोरांचा नव्हताच. पनीर गरम ग्रेव्हीत ताजं सोडलं की मऊ लागतं, पण तेच तासभर उकळत्या ग्रेव्हीत राहिलं की त्यातलं पाणी सुटून ते चिवट होतं, हे कुठलाही भट्टीवाला सांगेल. तंदुरी रोटी-नानचं तेच, भट्टीतून निघाल्यापासून दहा मिनिटांचा खेळ, नंतर कातडं. पांढरा रस्सा तर लई नाजूक. त्यात नारळाचं दूध असतं, परत परत खळाखळा उकळला की फाटतो, वर तेल आणि खाली चोथा. मोमोज एकमेकांना चिकटतात. तळलेलं काहीही झाकण लावून ठेवलं की स्वतःच्याच वाफेत भिजतं. आणि आपल्या यादीत आत्तापर्यंत वर कोण आहेत ते बघा. पनीरचे प्रकार, नान, मोमोज, धूर सोडणारं मॉकटेल.

आता खाली कोण आहेत ते पण बघा.

आख्खा मसूर. इस्लामपूर-कराड पट्ट्यातल्या ढाब्यांवर लोक गाडी वळवून ज्याच्यासाठी थांबतात तो आपला आख्खा मसूर, कांदा-लसूण मसाल्यातला, वर तेलाचा तवंग. याला सादरीकरणात मार्क किती, तर दोन. कारण काय तर "डार्क दिसतो, फोटोत येत नाही". अरे पण तो मसूर तासभर मुरला की घट्ट होतो, मसाला दाण्यात शिरतो, चार वाजता लागतो त्यापेक्षा सहा वाजता चांगला लागतो. महोत्सवासाठी देवानं बनवलेला पदार्थ आहे तो. जरा गरम पाणी घालून सारखा केला की झालं, मालकाच्या मेहुण्याला पण जमेल.

खपलीची खीर. ही तर कुठल्याच हॉटेलानं दिलेली नाही, कारण हॉटेलात ती मिळत नाही, ती यात्रेत मिळते, महाप्रसादाला मिळते, काहिलीत. खपली गहू भिजवून, सडून, गुळात शिजवलेला, वर खोबरं, वेलदोडा, खसखस. पाच-सहा हजार माणसाला वाढेपर्यंत गरम राहते, कारण काहीलच तेवढी मोठी असते आणि खालचा विस्तव कुणी विझवत नाही. आपण एवढ्या हॉटेलांत फिरलो, गोडात काय चाखलं, तर ब्राउनी.

भडंग. सांगलीचं नाव बाहेर कुणाला सांगितलं की पहिल्यांदा भडंग म्हणतात, मग गणपती म्हणतात, मग हळद. एका हॉटेलानं भडंग भेळ दिली होती, छान होती, पण कांदा-टोमॅटो आधीच कालवून आणली आणि फोटोसेशन होईपर्यंत चुरमुरे गळाठले, मार्क गेले. यात पदार्थाचा काय दोष? कोरडं भडंग हवाबंद डब्यात कितीही तास कुरकुरीत राहतं, लसूण-शेंगदाणे-कढीपत्ता सगळं आपापल्या जागी, कांदा आयत्या वेळी टाका, लिंबू पिळा, द्रोण हातात द्या. वीस सेकंदांचं काम. मैदानावर रांग कमी करायची असेल तर असले पदार्थ पाहिजेत.

आणि आता ज्याच्यामुळं हे पत्र लिहायला बसलो तो किस्सा. मिरज रोडला आतल्या बाजूला एक छोटी खानावळ आहे, जावा-जावा मिळून चालवतात, नाव लिहीत नाही, उगाच त्यांना त्रास नको. त्यांनी कृष्णाकाठच्या वांग्याचं भरीत दिलं. आम्ही पोचलो तेव्हा थोरली जाऊ वांगी भाजत होती, थेट बर्नरवर, एकेक देठाला धरून फिरवत, साल तडकून आतलं पाणी जाळावर पडलं की चर्र आवाज यायचा आणि ती न बघताच बाजू पलटायची. शेजारी पातेल्यात गार पाणी, त्यात बोटं बुडवायची आणि साल ओढायची. मग पाट्यावर हिरवी मिरची, लसूण, मीठ जाडंभरडं, वांगं हातानंच मोडलं, चमच्यानं नाही, वरून कच्चं शेंगतेल आणि भाजक्या दाण्याचं कूट. स्टीलच्या ताटलीत आलं, सोबत शाळूची भाकरी. मी दोनदा मागून घेतलं. आमच्यातल्या एकानं विचारलं, "वहिनी, याच्यात ट्विस्ट काय आहे?" तिला कळेना काय विचारतायत, म्हणाली, "मीठ कमी पडलंय का?"

नावीन्य शून्य. सादरीकरण एक. स्वच्छतेत पण कापले, का तर तिनं हातानं कालवलं. नळाखाली दोनदा हात धुतलेले मी बघितले होते, आणि त्याच दिवशी आधी ज्या हॉटेलात गेलो तिथं वस्तादानं ग्लोव्हज घालूनच मोबाईल उचलला होता, ते मात्र कुणाच्या कागदावर आलं नाही. ती खानावळ आत्ता यादीत नाही, आणि त्याच दिवशीचा निळ्या रंगाचा धूर सोडणारा सोडा पहिल्या पाचात आहे.

बरं, नावीन्याला एवढे मार्क ठेवले की काय होतंय, चांगली चांगली हॉटेलं उगाच कसरती करतायत. एकानं आम्हाला आख्खा मसूर पिझ्झा खायला घातला. बिचारा मालक हळूच म्हणाला, "साहेब, रोज नाही ओ बनवत, तुमच्यासाठी केलाय." हेच तर दुखणं आहे. जो पदार्थ रोज बनत नाही तो महोत्सवाच्या गर्दीत पहिल्यांदा बनणार, आणि पहिल्यांदा बनवताना जे जे चुकतं ते सगळं पैसे देऊन आलेल्या माणसाच्या द्रोणात पडणार. नियमच करा, हॉटेलाच्या रोजच्या मेनूत जो पदार्थ आहे आणि रोज ज्याच्या प्लेटी जातात तोच चाखायला आणि स्टॉलला चालेल. नावीन्याचा रकाना खोडून टाका आणि तिथं लिहा 'टिकाऊपणा'.

टिकाऊपणा तपासायचा कसा, तर सोपं आहे. हॉटेलात जाऊच नका. हॉटेलवाल्यांना सांगा की पदार्थ तुमच्या नेहमीच्या डब्यात भरून एका ठरलेल्या जागी आणून द्या, कुठलंही मंगल कार्यालय रिकामं असेल ते घ्या, दुपारी पाचला डबे जमा, सातला चाखायचे. मधले दोन तास डबा तसाच किंवा स्टॉलवर असणार तसल्या शेगडीवर. ज्याला परत गरम करायचं त्यानं तिथंच करायचं, तेही मेहुण्यानं, वस्तादानं नाही. डब्यावर हॉटेलाचं नाव नको, नंबर टाका. कारण खरं बोलायचं तर नाव दिसलं की हात सैल सुटतो, आमच्यातल्या निम्म्या लोकांची मुंज-बारशी त्याच हॉटेलांत झाल्यात आणि मालक कुणाचा ना कुणाचा वर्गमित्र असतोच. सांगली केवढी आहे? आणि मंगल कार्यालयात रील काढणाऱ्यांनी सगळ्यांचं चाखून झाल्यावर काढा की निवांत.

पदार्थात खुपसायचा एक थर्मामीटर पण घ्या, लई महाग नसतो. शिजलेला गरम पदार्थ ६० डिग्रीच्या वर राहिला पाहिजे आणि गार पदार्थ ५ च्या खाली, मधल्या पट्ट्यात तो जितका वेळ रेंगाळतो तितके त्यात जंतू वाढतात, हे अन्न सुरक्षेचं साधं गणित आहे. श्रीखंड, बासुंदी, दहीवडे, मेयोनीजवाले सँडविच, असल्या गोष्टींना मैदानात ५ च्या खाली ठेवायची सोय नसेल तर सरळ नाही म्हणा. कुणी चिडलं तर चिडू दे, पोटं बिघडली तर पेपरात हॉटेलाचं नाव नंतर येतं आणि महोत्सवाचं आधी.

चाखायच्या क्रमाबद्दलही बोलायचंय, कारण मागच्या फेरीत आम्हाला पहिल्याच हॉटेलात तांबडा रस्सा दिला, तिथून पुढच्या दोन हॉटेलांचं आम्ही काय खाल्लं ते कुणालाही सांगता येणार नाही. जीभ भाजली की भाजली, त्यावर पाणी पिऊन उपयोग नसतो, तिखटातला झोंबणारा भाग पाण्यात विरघळत नाही, तो तेलातुपात विरघळतो आणि दुधातलं केसिन नावाचं प्रथिन त्याला जिभेवरून ओढून नेतं, म्हणून तर आपल्या आज्या ठसका लागला की दूध नाहीतर ताक द्यायच्या. तर टेबलावर बाटलीबंद पाण्याऐवजी ताकाचं मडकं ठेवा आणि कोरडे चुरमुरे. सौम्य पदार्थ आधी, मसालेदार नंतर, रस्से शेवटी, गोड अगदी शेवटी. एका संध्याकाळी सहाच्या वर पदार्थ नकोत, सातव्याला पोट मार्क देतं, जीभ देत नाही. आणि भांड्यातून मोठ्या डावानं आपापल्या ताटलीत घ्या, एकच चमचा सगळ्यांच्या तोंडातून फिरवायचा प्रकार बंद करा, मला फार लाज वाटते ते बघून.

टीममध्ये माणसं कोण आहेत तेही एकदा बघा. एक इन्फ्लुएन्सर, दोन उद्योजक, एक निवृत्त अधिकारी, मी, आणि एक ताई ज्या सगळं "हेल्दी आहे का" विचारतात. सगळी चांगली माणसं, पण हजार माणसांचं जेवण यांच्यापैकी एकानंही कधी केलेलं नाही. ज्यांनी केलंय ते आपल्या गल्लीत राहतात. पंगतीचे आचारी. लग्नाची, महाप्रसादाची, उरसाची जेवणं उठवणारे. मिरजेच्या उरसात नाहीतर गावजत्रेत जो माणूस पहाटे तीनला डेग चढवतो त्याला दहा मिनिटं आपल्या डब्यांसमोर उभा करा, तो झाकण उघडून वासावरून सांगेल हे आठ वाजेपर्यंत चालेल का आंबेल. २०१९ च्या महापुरात अर्धं शहर पाण्यात असताना आजूबाजूच्या गावांतून भाकऱ्यांच्या चळतीच्या चळती आल्या होत्या, हजारो माणसं त्याच्यावर जगली. त्या भाकऱ्या थापणाऱ्या बायांना विचारा कुठली भाकरी दुसऱ्या दिवशी पण मऊ राहते आणि कुठली तडकते, पीठ किती दिवसाचं असावं, पाणी किती गरम. गरम भाकरीचा मेळ मैदानावर बसणार नसेल तर जत-सोलापूरकडची कडक भाकरी आहे, महिनाभर काही होत नाही तिला, मोडून मसुरात टाकायची. हे असलं आमच्या उद्योजक मंडळींना सुचणार नाही, त्यांचा दोष नाही.

टीममध्ये एक जैन काका किंवा काकू पण पाहिजेतच. आपल्या सांगली-मिरजेत जैन समाज केवढा मोठा, खूप घरांत सूर्य मावळला की जेवण बंद, कांदा-लसूण-बटाटा वर्ज्य. जानेवारीत सव्वासहाच्या आसपास मावळतोय सूर्य, आणि आपल्या कार्यक्रमपत्रिकेत उद्घाटन साडेसहाला! म्हणजे एवढ्या घरांना तुम्ही दारातूनच परत पाठवताय. निदान आठ-दहा स्टॉल चारला उघडा, उद्घाटनाचं नंतर बघा, भाषणं खाल्ल्याशिवायही होतात. बिनलसणाचं भडंग, बिनकांद्याचा मसूर, खपलीची खीर, सगळं जमण्यासारखं आहे. चाखतानाच त्यांच्यासमोर वेगळे डबे मांडा, तेही सूर्य मावळायच्या आत, म्हणजे वेगळा झारा, वेगळी कढई आहे का तेही त्याच वेळी कळेल.

आणि ही आपल्या जिल्ह्याची गोष्ट. सांगलीच्या बेदाण्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, हळदीला २०१८ साली. तासगावला बेदाण्याचे सौदे होतात तेव्हा देशभरातले व्यापारी येतात, हरिपूरला जमिनीखालच्या पेवांत हळद साठवायची पद्धत होती, तिला नुसतं बघायला लोक यायचे, २००५ च्या पुरानं त्यातली बरीच पेवं गिळली. आणि आपल्या अख्ख्या यादीत बेदाणा कुठं आहे तर एका पुलावावर पाच दाणे. आटपाडीचं डाळिंब, जतची बाजरी, हुलग्याचं माडगं, ओल्या हळदीचं लोणचं (जानेवारीत ओली हळद निघतेच), शाळूचा हुरडा, यातलं काहीही नाही. मी असं म्हणत नाही की चायनीज बंद करा, पोरांना तेच पाहिजे असतं, माझी नातही मंचुरियनवरच येते. पण बाहेरगावचा माणूस गाडी काढून सांगलीला येणार तो मंचुरियन खायला येणार आहे का ओ?

हॉटेलवाल्या दादांनो, आता जरा तुमच्याशी. तुमची बाजू मला कळते. स्टॉलचं भाडं, माणसांचा भत्ता, टेम्पो, मंडप, वर समितीचं कुपनमधलं कमिशन, त्यात तुम्ही मसूर-भाकरी ठेवली तर एका द्रोणात सुटणार किती, आणि पनीर ठेवलं की भाव लावता येतो. बरोबर आहे. पण छोटा द्रोण ठेवा, कमी भाव ठेवा, माणूस पाच स्टॉल फिरून पाच द्रोण खाईल. दोनशेची प्लेट घेतली की नवरा-बायको तीच अर्धी अर्धी करतात, पोट भरतं, गाडीला किक मारतात. म्हणून चाखताना पण आम्हाला विकणार तोच द्रोण द्या, तेवढाच भरून. ताटभर द्यायचं आणि मैदानावर दोन चमचे, हे लोक लगेच ओळखतात आणि नाव तुमचं जातं.

समितीनं भाड्याचं बघावं. त्या जावा-जावांना पूर्ण स्टॉल परवडणार नाही, चार छोट्या खानावळी मिळून एक मोठा मंडप दिला तर परवडेल. बचत गटांना आपण दरवेळी कोपऱ्यात, जनरेटरशेजारी टाकतो, यंदा त्यांना गेटजवळ द्या. जनरेटरच्या आवाजानं आणि धुरानं त्यांची गिऱ्हाइकं पळतात आणि मग आपणच म्हणतो बचत गटांना प्रतिसाद नाही.

काही फुटकळ गोष्टी पटापट सांगून टाकतो. एफएसएसएआयचा, म्हणजे अन्न परवान्याचा १४ आकडी नंबर ज्याच्याकडं नाही त्याला चाखायला बोलवायचंच नाही, छोट्या खानावळींना नोंदणी करायला आत्ताच मदत करा, शेवटच्या आठवड्यात धावपळ नको. तळणाचं तेल काळं दिसलं की विचारा कितव्या दिवसाचं आहे, त्यातल्या पोलर कंपाउंडची (तेल परत परत तापवलं की वाढतात ते घटक) मर्यादा २५ टक्के आहे आणि ते मोजायचं यंत्र मिळतं, एखाद्या कॉलेजच्या लॅबमधून दोन दिवसांसाठी मागून आणता येईल. सिलिंडर १९ किलोचे व्यावसायिकच पाहिजेत, घरचा १४.२ किलोचा लाल सिलिंडर मागच्या बाजूनं पडद्याआड आणू नका. भजी-वडे रद्दी पेपरात देणं बंद, शाईचं पोटात जातं, द्रोण-पत्रावळी आपल्याकडं ढिगानं मिळतात. आणि आपल्याकडं सगळ्यातच दाण्याचं कूट, ज्यांना शेंगदाणा चालत नाही त्यांच्यासाठी पाटीवर तसं लिहा, एवढं सोपं काम आहे.

मला माहितीय यातल्या काही गोष्टींवर समितीत लोक नाराज होतील. रीलवाल्यांचं म्हणणं, हॉटेलात गेलं नाही तर प्रसिद्धी कशी होणार. तर हॉटेलांचे रील करा ना वेगळे, किचनचे करा, भट्टीवरच्या वस्तादाचे करा, तो माणूस कधीच दिसत नाही कुठं. आम्ही जातो तेव्हा तो दाराच्या फटीतून बघत असतो आपल्या ताटाकडं, मान हलली की आत जातो. त्याला टेबलाशी बोलावून दोन प्रश्न विचारलेत असं एकदाही झालेलं नाही. मार्कांच्या कागदावर हॉटेलाचं नाव, मालकाचं नाव, मोबाईल नंबर आहे, बनवणाऱ्याचं नाव लिहायला जागाच नाही. तो एक रकाना वाढवा. स्टॉलवर तोच माणूस असणार का, नसला तर कोण, हे त्याच रकान्यात लिहून घ्या म्हणजे आपण कुणाच्या हातचं पास करतोय ते तरी कळेल.

तर पुढची फेरी आता रविवारी धरली आहे, परत तीच, दुपारी चारला, तीन हॉटेलं. ती पुढं ढकला. त्याऐवजी त्याच रविवारी पाचला डबे मागवा, आत्तापर्यंत जे पास झालेत त्यांचे सुद्धा आणि जे नापास झालेत त्यांचे सुद्धा, नंबर टाकून. मंगल कार्यालयाचं मी बघतो, गावभागातलं एक मुहूर्त नसल्यामुळं रिकामं आहे, मालकाशी बोलून ठेवलंय, वीजबिलापुरते पैसे द्या म्हणाला. दोन आचारी पण मी आणतो. समितीनं फक्त हॉटेलांना निरोप द्यायचा. हा निरोप बुधवारपर्यंत गेला नाही तर माझं नाव टीममधून काढलं तरी चालेल, मी रविवारी मिरज रोडला भरीत खायला जाईन, येणाऱ्यांनी या.

आपला,
चाखणाऱ्यांपैकी एक,
गावभाग, सांगली

ता.क. : कुणीतरी ग्रुपवर विचारलं होतं की थर्मामीटरचा खर्च कुणी करायचा. मी आणलाय. ब्राउनीवाल्यांनी काळजी करू नये, तो ब्राउनीत खुपसणार नाही.